परबताईंची हाक

मला मांजरं आवडत नाहीत. हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटायचं की ही बाई मांजरांच्या गराड्यात वाढलेली आहे. मांजर मला लहानपणापासून आगाऊ वाटत आलं आहे. आपल्याच घरात आपल्यालाच पाहुणं ठरवून बघतं. तरीही हल्ली दुपारची मी ओट्याशी उभी असले आणि मागच्या बाजूला कुणी कुणाला हाक मारली, की माझे हात थांबतात. हे परबताईंमुळे झालं.

घाटकोपरच्या आमच्या जुन्या इमारतीत त्या तिसऱ्या मजल्यावर राहायच्या, मी दुसऱ्या. इमारत आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये एक लांबट पट्टा होता, त्याला आम्ही मागचं अंगण म्हणायचो. अंगण म्हणायला तिथे एक शेवग्याचं झाड होतं. बाकी फुटकी टाकी, कुणाकुणाच्या मोडक्या खुर्च्या आणि वरच्या मजल्यांवरून येणारा, कुणीच टाकलेला नसलेला कचरा. आणि मांजरं.

परबताई टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण आवाज तसाच राहिला होता. खालच्या पट्टीतला, स्वच्छ, कुठेही न तुटणारा. बाई दिसायला किरकोळ, खांद्याला सदान्कदा कापडी पिशवी, पायात पुरुषी सँडल. जिन्यात भेटल्या तर कुणी दुसऱ्यांदा वळून बघणार नाही अशा. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सगळे तारस्वरात भांडत असताना त्या एवढ्या हळू बोलायच्या की ऐकू यावं म्हणून लोकांना गप्प बसावं लागायचं. "ओरडणाऱ्याचा कॉल मी शेवटी जोडायचे," असं त्या सांगायच्या. खरं असणार.

आयुष्यभर मुंबईत राहून त्यांची भाषा आपल्यासारखीच झालेली होती. राग आला, लाड करायचे असले, की मात्र मालवणी बाहेर पडायची. मांजरांशी त्या मालवणीच बोलायच्या. रोज सकाळी आणि संध्याकाळी डबा घेऊन खाली उतरायच्या आणि शेवग्याखाली उभ्या राहून हाक मारायच्या, "येवा रे, येवा बाबांनो, जेवूक येवा…" त्या हाकेत 'येवा'चा शेवट असा काही लांबायचा की मला स्वयंपाकघरात उगीच भूक लागायची. भिंतीवरून, टाकीमागून, गाड्यांखालून मांजरं निघायची. घाईने नाही. ऑफिस सुटल्यावर माणसं निघतात तशी.

त्यांनी हे काम का सुरू केलं ते मला फार नंतर कळलं, आणि कळलं तेही विचारलं म्हणून नाही. पिल्लं व्हायची. ती गाडीखाली जायची, कावळे न्यायचे, टाकीत पडायची. जुन्या पेपरात गुंडाळून ती उचलायचं काम आपोआप परबताईंकडे आलं होतं, कारण दुसरं कुणी खाली उतरत नव्हतं. एका पावसाळ्यात इतकी पिल्लं गेली की त्यांनी घरातले पेपर बंद केले. "पेपर हातात घेतला की वास यायचा," एवढंच त्या म्हणाल्या. मग कुठूनशी एका संस्थेच्या दवाखान्याची माहिती काढली, पिंजरे आणले आणि एकेक मांजर पकडून, नसबंदीचं ऑपरेशन करून, परत इथेच आणून सोडायला सुरुवात केली. ऑपरेशन झालेल्याच्या डाव्या कानाचं टोक कापलेलं असतं, म्हणजे तेच मांजर पुन्हा पकडून त्याचं पोट पुन्हा फाडलं जाऊ नये. थोड्याच काळात आमच्या अंगणात पूर्ण कानाचं मांजर पाहुणं आहे हे मलासुद्धा ओळखता यायला लागलं.

पिंजरा म्हणजे लांबट लोखंडी पेटी. मागच्या टोकाला खाणं, मध्ये पायाखाली पत्र्याची पट्टी. पट्टीवर पाय पडला की मागे धाडकन दार पडतं. एकदा त्यात सापडलेलं मांजर पुन्हा पिंजऱ्याच्या वाऱ्याला उभं राहत नाही. पण पुढे लसीला, दुखण्याखुपण्याला पुन्हा पकडायचं तर? यावर परबताईंनी स्वतःची एक पद्धत काढली होती. रोजचं जेवण त्या पिंजऱ्यातच वाढायच्या, दार सुतळीने वर घट्ट बांधून. मांजरं आत जायची, जेवायची, मिशा पुसत बाहेर यायची. आणि एक नियम होता. दार बांधलेलं असेल त्याच दिवशी हाक. ज्या दिवशी कुणाला पकडायचं असेल त्या दिवशी सुतळी सोडलेली असायची आणि परबताईंच्या तोंडातून शब्द निघायचा नाही. भाजलेला बांगडा ठेवायच्या आणि टाकीच्या कठड्यावर पदर डोक्यावरून घेऊन गप्प बसायच्या. आलं तर आलं.

यात किती वेळ जातो हे मी मामीच्या वेळी पाहिलं. मामी म्हणजे राखाडी रंगाची, जाड मानेची, सगळ्या अंगणावर सासूपणा गाजवणारी मांजरी. परबताईंनी तिला पकडायला घेतलं तेव्हा ती बांगड्याचा वास घ्यायची, पिंजऱ्याला एक फेरी मारायची आणि परबताईंच्या समोर येऊन बसायची. दोघी एकमेकींकडे बघत बसायच्या. संस्थेची एक मुलगी मदतीला यायची, जीन्स, पाठीला सॅक, कायम घाईत. ती एक दिवस वैतागली.

"काकू, यार, तुमच्या आवाजाला सगळी धावत येतात ना? मग मारा ना हाक! दोन मिनिटांचं काम आहे."

परबताई उठून तिला मी उभी होते त्या जिन्यापर्यंत घेऊन आल्या, मांजरांना ऐकू जाऊ नये एवढ्या लांब. मग म्हणाल्या, "आवाज जेवणाचा आहे. पिंजऱ्याचा नाय."

"पण काय फरक पडतो?"

"मी हाक मारली म्हणजे दार बांधलेलं आहे, हे त्यांका माहीत असा. उद्या मी एकदा फसवलं, की ती विचार करत बसतील, आज जेवण की पिंजरा? मग माझ्याकडे काय राहिलं गो?"

मुलगी डोळे फिरवून निघून गेली. मलाही तेव्हा ते खुळ्यासारखंच वाटलं होतं. मामीला पुढे कितीतरी दिवस लागले. पकडली तेव्हा पिंजऱ्यावर जुन्या साडीचा तुकडा टाकून परबताई तिच्याशेजारी बसून राहिल्या, अजूनही मुक्याने. आवाज दिला असता तर मामी शांत झाली असती. पण मग त्या आवाजाचा पिंजऱ्याशी संबंध लागला असता, म्हणून नाही दिला.

हे सगळं लोकांना आवडत होतं असं नाही. पहिल्या मजल्यावरच्या सामंतकाकी तर उघड बोलायच्या. ऑपरेशन झालेली एक मांजरी परबताई परत सोडत असताना काकींनी गॅलरीतून ऐकवलं, "मुक्या जिवाचं आईपण कापून आणलंस. ज्याला ते मिळालं नाही त्याला त्याची किंमत नसते म्हणा." परबताईंना मूलबाळ नव्हतं, हे सगळ्या इमारतीला माहीत. मी खिडकीत होते, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. परबताईंनी वर पाहिलं आणि फोनवर रेंगाळणाऱ्या गिऱ्हाइकाशी बोलावं तशा स्वरात म्हणाल्या, "काकी, पिल्लू टाकीत मेलंय. उचलायला खाली येताय का?" काकी आत गेल्या. टाकीत खरंच पिल्लू होतं. ते परबताईंनीच काढलं.

मग इमारत पाडायचं ठरलं. टॉवर होणार, सगळ्यांना मोठी घरं मिळणार, तोवर ज्याने त्याने भाड्याने कुठेतरी राहायचं. एकेक कुटुंब निघायला लागलं. रिकाम्या घरांच्या खिडक्या कुणीतरी काढून नेल्या. जिन्यात दिवे लागेनासे झाले. संध्याकाळी कामावरून आले की वर बघायची सवय लागली मला, आज कुठलं घर काळं झालं ते बघायची. मांजरांना तेवढ्या जागा वाढल्या. तळमजल्याच्या रिकाम्या बैठकीत वकील नावाचा बोका पंख्याच्या हुकाखाली ऐसपैस पसरलेला असायचा. काळा अंगरखा आणि गळ्याशी पांढरा पट्टा, म्हणून वकील. परबताईंना विरारला भाच्याकडे जायचं होतं. त्या थांबल्या होत्या त्या मांजरांसाठी. पाडकाम सुरू होण्याआधी मांजरांना हळूहळू भिंतीपलीकडच्या बागेत जेवायची सवय लावायची, बागेत खाऊ घालणारी एक बाई त्यांनी शोधून ठेवली होती, तिच्या हवाली करायची आणि मग निघायचं. रोज जेवणाचा पिंजरा भिंतीकडे थोडा थोडा सरकत होता.

त्याच सुमारास बारीकसारीक गोष्टी घडायला लागल्या. पाण्याच्या वाट्या उलट्या सापडायला लागल्या. एकदा जेवणावर फिनेल ओतलेलं होतं. एका सकाळी एक तरणी मांजरी शेवग्याखाली पडलेली मिळाली, तोंडाला फेस. परबताईंनी तिला गुंडाळलं, पिशवीत घातलं आणि माझ्या दारात येऊन विचारलं, "तुझ्याकडे खुरपी आहे गो?" खड्डा खणताना त्या मध्येच थांबून वरच्या रिकाम्या खिडक्यांकडे एकेक करून बघत होत्या. मीही बघितलं. तिथे कुणी नव्हतं, पण मला ते बरं वाटलं नाही.

सोसायटीचे नवे चेअरमन देवळेकर. गोड माणूस. इतका गोड की बोलून झाल्यावर चूळ भरावीशी वाटावी. बिल्डरला जागा लवकर मोकळी करून द्यायची त्यांना कोण घाई. ते एका रविवारी मोबाइल घेऊन अंगणात आले. परबताईंचा डबा नुकताच खाली आला होता, मी तिथेच दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होते.

"ताई, तुमचं काम म्हणजे झकास हां. लोकांना कळतच नाही. एक व्हिडिओ काढतो, ग्रुपवर टाकतो. लोकांचा विरोध मावळेल."

परबताई लाजल्या. त्यांना लाजताना मी प्रथमच पाहिलं. केसांवरून हात फिरवला, पदर सारखा केला. इतक्या वर्षांत त्यांच्या कामाबद्दल कुणी नीट विचारलं नव्हतं, आणि हे गृहस्थ तर शिकवणीला आल्यासारखे विचारत होते. हाक मारल्यावर किती वेळात येतात? सगळी येतात का? पिंजऱ्याला घाबरत नाहीत? परबताई खुलल्या. दार का बांधायचं, हाक कधी मारायची, कधी मारायची नाही, सगळं सांगत सुटल्या. "माझा आवाज ऐकला ना, की डोळे मिटून आत जातात. विश्वास आहे त्यांचा."

"वा," देवळेकर म्हणाले. मग त्यांनी मोबाइल आडवा धरला. "हं, बोला ताई."

आणि परबताईंनी हाक मारली. कॅमेरा होता म्हणून असेल, नेहमीपेक्षाही सुंदर मारली.

व्हिडिओ ग्रुपवर आला. अंगठे आले, हात जोडलेले आले. सामंतकाकींनी फूल पाठवलं. परबताई माझ्याकडे येऊन माझ्या मोबाइलवर तो पुन्हा पुन्हा बघायच्या. त्यांच्या साध्या फोनवर दिसत नसे.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, दुपारी, त्या माझ्याकडे चहाला बसल्या होत्या. मी त्या दिवशी रजेवर होते. इमारतीत आम्ही मोजकीच घरं उरलो होतो आणि इतकं शांत होतं की बशीवर कप ठेवल्याचा आवाजही मोठा वाटत होता. परबताई विरारच्या घराबद्दल काहीतरी सांगत होत्या. भाचा चांगला आहे, सून जरा फटकळ आहे, असं काहीतरी.

मागच्या अंगणातून आवाज आला, "येवा रे, येवा बाबांनो, जेवूक येवा…"

परबताई माझ्यासमोर बसलेल्या होत्या. तोंड मिटलेलं होतं. हातात कप होता.

मला आधी काही कळेचना. आवाज थांबला. मग एक पुरुषी आवाज आला, गोड, "हं, बोला ताई." आणि पुन्हा परबताई, खालून, स्वच्छ, कुठेही न तुटता, "येवा रे, येवा बाबांनो…"

कप खाली पडला. परबताई धावल्या. त्या वयाच्या बाईला जिना तसा उतरताना मी पाहिलेलं नाही. मी मागे. अंगणात पोचलो तेव्हा मागच्या फाटकाशी टेम्पो सुरू झालेला होता, त्यावर निळी ताडपत्री. एक माणूस शेवटचा पिंजरा आत ढकलत होता. परबताईंनी हाक मारली, "वकिला! अरे वकिला!" आणि ताडपत्रीखालून उत्तर आलं. एक नाही, सगळ्यांनी उत्तर दिलं. आवाज ओळखून ती ओरडत होती, आणि टेम्पो ओरडण्यासकट रस्त्याला लागला.

खाली मासळीचा वास होता. त्या माणसांनी स्वतःचे पिंजरे आणले होते, परबताईंच्या पिंजऱ्यांना हातही लावलेला नव्हता, त्यांची दारं बांधलेलीच होती.

देवळेकरांनी दार उघडलं ते हसतच. "ताई, मला काहीच कल्पना नाही हो. ग्रुपवर एवढी माणसं, कुणीही घेतला असेल व्हिडिओ. आणि बघा, कुठेतरी चांगल्या ठिकाणीच सोडली असतील. गाडी वगैरे करून नेलीत म्हणजे."

"ऑपरेशन झालेलं मांजर जागेवरून हलवायचं नसतं," परबताई म्हणाल्या. "कायदा आहे. मी तुम्हाला सांगितलं होतं. दुसऱ्या मांजरांच्या जागेत ती जगत नाहीत."

"हो ना? अरेरे."

पोलीस चौकीत त्यांचं ऐकून घेतलं आणि पाणी दिलं. संस्थेच्या त्या घाईतल्या मुलीने दोन-तीन दिवस स्कूटरवरून नाले, डंपिंगची जागा, मार्केट, सगळं पालथं घातलं. परबताई तिच्यामागे बसून सगळीकडे फिरल्या आणि हाका मारत राहिल्या. वकील सापडला नाही. कुणीच सापडलं नाही. मुलगी मला जिन्यात भेटली तेव्हा रडत होती. "काकूंनी हाक मारली ना, की मला बघवत नव्हतं," म्हणाली.

सगळी गेली नव्हती. त्या दुपारी जी लांब होती ती वाचली. मामी होती, आणखी चार-पाच होती. आणि वॉचमनने, चेअरमनच्या माणसाने, न राहवून परबताईंना सांगून टाकलं, "मॅडम, वो लोग फिर आएगा. बोला है, बाकी का भी उठाना है."

मी म्हटलं, "परबताई, घरात घेऊ या. माझ्याकडे ठेवते मी." ज्या बाईला मांजर आवडत नाही ती हे बोलत होती. त्या म्हणाल्या, "बाहेरची आहेत ती. दार लावलंस तर डोकं आपटून मरतील."

"मग राखण करू या. आळीपाळीने."

"किती दिवस गो? तू कामाक जातस. आणि त्या टेम्पोवाल्यांना माझी गरज कुठे आहे? त्यांच्याकडे मी आहेच की मोबाइलमध्ये."

हे त्या इतक्या हळू म्हणाल्या की मला पुढे सरकून ऐकावं लागलं. मग बराच वेळ त्या टाकीच्या कठड्यावर बसून राहिल्या. मला वाटलं, खचल्या. पण त्या काहीतरी ठरवत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या खाली आल्या तेव्हा हातात डबा नव्हता. एका हातात पाण्याची बादली होती, दुसऱ्या हातात पत्र्याचं मोठं झाकण आणि लाटणं. मी खिडकीतून विचारलं, काय करताय. त्या शेवग्याखाली उभ्या राहिल्या आणि हाक मारली. रोजचीच. जराही कमी नाही, जास्त नाही.

मांजरं आली. मामी सगळ्यांत पुढे, शेपटी वर. नेहमीप्रमाणे पिंजऱ्याकडे वळली, परबताईंच्या पायाला अंग घासून.

परबताईंनी तिच्या अंगावर बादली उपडी केली. मग झाकण बडवत, किंचाळत, सगळ्यांच्या मागे धावल्या. "चालते व्हा! मेल्यांनो, मराक येतास? चालते व्हा!" त्या बाईला एवढा मोठा आवाज आहे हे मला माहीत नव्हतं. बहुधा त्यांनाही नसावं. मांजरं पांगली, भिंतीवरून उडाली, गाड्यांखाली घुसली. अंगण मोकळं झालं. परबताई धापा टाकत उभ्या राहिल्या, पदर ओला.

आणि मग मामी टाकीमागून परत आली. निथळत होती. अंग आखडून, कान मागे करून समोर येऊन बसली आणि परबताईंकडे बघायला लागली. काहीतरी चूक झाली असेल, अशी तिने समजूत करून घेतली होती. मला ते बघवेना, मी ओट्याकडे तोंड केलं. पाठीमागे पुन्हा पाण्याचा आवाज आला, पुन्हा झाकण वाजलं.

असं रोज सकाळ-संध्याकाळ चाललं. आधी गोड हाक, मग पाणी आणि पत्रा. सामंतकाकी, आता त्या जायच्या तयारीत होत्या, गॅलरीत येऊन म्हणाल्या, "डोक्यावर परिणाम झालाय हिच्या." बागेतली बाई भिंतीपलीकडे मुकाट्याने, हाक न मारता, जेवण ठेवत होती. मांजरं तिथे जेवायची. इथे परबताई त्यांना हाकलून द्यायच्या. घरात आल्यावर त्या जेवायच्या नाहीत. मी भाकरी नेऊन दिली तर ताट तसंच पडलेलं असायचं. एकदा मी म्हटलं, "पुरे आता. शिकली असतील." त्या म्हणाल्या, "मामी अजून भिंतीवर येऊन बसते. हाक मारली की उभी राहते. ती उभी राहता कामा नये."

टेम्पो आला तो दुपारीच, नेमका माझ्या सुट्टीच्या दिवशी. परबताईंना मी हाताला धरून माझ्या स्वयंपाकघरात घेतलं आणि खिडकी अर्धी लोटली. खाली दोघांनी पिंजरे मांडले, मासळी ठेवली, मोबाइल टाकीवर ठेवला.

"हं, बोला ताई."

"येवा रे, येवा बाबांनो, जेवूक येवा…"

भिंतीवर मामी होती. हाक ऐकताच तिने अंग झटकलं आणि पलीकडे उडी मारली. गाडीखाली एक पिवळं मांजर होतं, ते बाणासारखं पळालं. माणसांनी वाट बघितली. पुन्हा लावलं. पुन्हा. रिकाम्या इमारतीच्या मागे परबताईंचा तो सुंदर आवाज हाका मारत राहिला आणि अंगणात पान हललं नाही. परबताई खिडकीच्या कडेला, तोंडावर हात दाबून उभ्या होत्या.

"एक पण नाय?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"एक पण नाही."

माणसांनी शिव्या देत पिंजरे उचलले. टेम्पो गेला. मला आनंद झाला होता, मी वळून काहीतरी बोलणार होते. परबताई फरशीवर बसल्या होत्या, ओट्याला पाठ लावून. त्या रडत होत्या, आवाज न करता.

त्यानंतर त्या लगेचच विरारला गेल्या. थांबण्यासारखं काही उरलं नव्हतं. निघाल्या त्या सकाळी मी खाली सोडायला गेले. भाच्याने सामान रिक्षात ठेवलं. मामी भिंतीवर होती, ऊन खात, पाठ आमच्याकडे. दोघींमध्ये फार अंतर नव्हतं. परबताईंनी तिच्याकडे एकदा पाहिलं, मग माझा हात धरला.

"येतंय गो माधुरी," त्या म्हणाल्या, "तू नीट…"

मामी दचकून उठली. शेपटी फुगवून, पोट जमिनीला टेकवून ती भिंतीच्या कडेने पळत सुटली आणि दिसेनाशी झाली.

परबताई तिथेच थांबल्या. वाक्य पुरं केलं नाही. आणखी काही मांजरं जवळपास असतील, ती उगीच घाबरतील, म्हणून असेल. त्यांनी माझा हात दाबला, बोटाने माझ्याकडे आणि मग वर माझ्या खिडकीकडे दाखवलं, जा, असं. रिक्षात बसल्यावरही भाच्याला त्यांनी हातानेच सांगितलं, की चला.